दोन कागदांइतकी भिंत: काडतुसाच्या मानेची जाडी मायक्रोमीटरने कशी मोजतात?

हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार. लोकलमध्ये उभं राहून ऐकताना आकडे कानावरून निसटतात, अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार असते. आजच्या एपिसोडमध्ये आकडे जरा जास्तच आहेत, म्हणून यावेळी ट्रान्सक्रिप्ट थोडं नीट आवरून टाकतोय.

विषय कुठून आला ते सांगतो. माझा आतेभाऊ टेक्सासमध्ये असतो. जन्मापासून तिथलाच, अमेरिकन नागरिक. त्याला बेंचरेस्ट शूटिंगचा नाद आहे. टेबलावर रायफल टेकवायची आणि कागदावर पाच गोळ्या शक्य तितक्या एकाच भोकातून घालवायच्या, असा हा खेळ. या खेळातले लोक काडतुसं विकत घेत नाहीत, स्वतः भरतात. एकदा वापरलेली पितळी पुंगळी साफ करून, आकारात आणून पुन्हा वापरायची, याला रीलोडिंग म्हणतात. दादाने व्हॉइस नोट पाठवली: "अरे, तू इंजिनियर ना? एकाच पुंगळीच्या मानेची जाडी मी तीनदा मोजली आणि तीन वेगळे आकडे आले. यातला खरा कुठला?"

मी सॉफ्टवेअरवाला. पण प्रश्न बंदुकीचा नाहीच मुळी, प्रश्न मोजण्याचा आहे. आणि तो आपण सगळ्यांनी अकरावीत सोडवलाय. आठवतंय का फिजिक्सचं प्रॅक्टिकल? स्क्रू गेज, तारेचा व्यास, झिरो एरर? ते स्क्रू गेज म्हणजेच मायक्रोमीटर.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. त्यामुळे आज दारू किती, कोणती, कशी भरायची यातलं काहीही सांगणार नाही. आज फक्त पितळेची एक पातळ भिंत आणि ती मोजायचं यंत्र.

०२:१० – मान म्हणजे नेमकं काय?

रायफलचं काडतूस डोळ्यासमोर आणा. खाली जाड नळकांडं, मग उतरता खांदा, आणि वर अरुंद भाग. त्या अरुंद भागाला मान म्हणतात. गोळी या मानेत घट्ट बसवलेली असते. काडतूस रायफलच्या ज्या पोकळीत जाऊन बसतं ती चेंबर. चेंबरलाही मान असते, काडतुसाच्या मानेपेक्षा किंचित मोठी.

बार उडाला की आतला दाब वाढतो, मान फुगून बाहेर सरकते आणि गोळी सुटते. हे "फुगायला जागा" प्रकरण लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पुंगळी पितळेची असते. साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पितळेच्या चकतीपासून सुरुवात करून ठोकळ्याने ओढत ओढत तिची नळी करतात. ओढताना ठोकळा केसभर जरी मध्यापासून सरकला, तरी नळीची एक बाजू जाड आणि समोरची पातळ होते. मग गोळी मानेच्या मधोमध न बसता जराशी बाजूला बसते. एका बाजूला भिंत ९ थाऊ आणि समोर ८ थाऊ असेल, तर गोळीचा मध्य अर्धा थाऊ सरकतो.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. आपल्याकडच्या मशीन शॉपमध्येही जुने कारागीर हाच शब्द वापरतात. अमेरिकेत हे सगळं इंचात चालतं, म्हणून आपणही थाऊमध्येच बोलू.

०४:३० – दोन थाऊंचा हिशेब

दादाच्या रायफलचं काडतूस आहे ६ पीपीसी. लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी १९७५ च्या सुमारास .२२० रशियन या काडतुसाच्या पुंगळीवरून ते तयार केलं आणि बेंचरेस्टमध्ये त्याने अक्षरशः राज्य केलं. या खेळात चेंबरची मान मुद्दाम तंग ठेवतात. दादाच्या बॅरलवर गनस्मिथने .२६२ असा आकडा कोरलाय. म्हणजे चेंबरच्या मानेचा व्यास ०.२६२ इंच.

आता साधी बेरीज करू. गोळीचा व्यास ०.२४३ इंच. तिच्या दोन्ही बाजूंना पितळेची भिंत. भिंत ०.००८५ इंच असेल तर:

गोळी ०.२४३, अधिक भिंत दोनदा म्हणजे ०.०१७, एकूण ०.२६०.

चेंबर ०.२६२. मोकळी जागा ०.००२ इंच, म्हणजे दोन थाऊ.

मूळ पुंगळीची मान याहून जाड असते. म्हणून ती एका छोट्या हत्याराने बाहेरून तासून ८.५ थाऊवर आणतात, नेक टर्निंग करतात. ८.५ थाऊ म्हणजे ०.२१६ मिमी. प्रिंटरमधला साधा ए-फोर कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. म्हणजे ही भिंत दोन कागदांइतकी!

आता समजा, आपल्याला वाटतंय भिंत ८.५ आहे, पण खरी आहे ९.५. फरक फक्त एका थाऊचा, पाव कागदाचा. पण भिंत दोन्ही बाजूंना आहे. बेरीज होते ०.२६२. चेंबरसुद्धा ०.२६२. मोकळी जागा शून्य.

मानेला फुगायला जागाच नाही, म्हणजे ती गोळीला धरून ठेवते. दाब वाढतो आणि तो तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर वाढतो. म्हणून हा आकडा नुसत्या हौसेचा नाही. भिंतीतली प्रत्येक चूक बेरजेत दुप्पट होऊन येते, हे आजचं पहिलं वाक्य वहीत लिहून ठेवा.

०७:०५ – कॅलिपर का नको?

दादा मोजत होता डिजिटल कॅलिपरने. दिसायला झकास, स्क्रीनवर दशांश चिन्हापुढे भरपूर आकडे. पण स्क्रीनवर किती आकडे दिसतात आणि त्यातले किती खरे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या कंपनीच्या डिजिटल कॅलिपरचीही अचूकता साधारण ±०.०२ मिमी धरतात. म्हणजे पाऊण थाऊच्या जरा वर. दुप्पट करा: दीड थाऊहून जास्त. आपली एकूण मोकळी जागा किती? दोन थाऊ. म्हणजे सुरक्षिततेचा बहुतेक सगळा पैसा यंत्राच्या चुकीतच खर्च झाला.

दुसरी भानगड कॅलिपरच्या रचनेत आहे. त्याची पट्टी एका बाजूला आणि मोजायची वस्तू दुसऱ्या बाजूला, जबड्याच्या टोकाशी. जबडा किंचित कलला की आकडा बदलतो. मोजपट्टी आणि वस्तू एकाच रेषेत हवी, हे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट अबे यांनी १८९० मध्ये मांडलं. मायक्रोमीटर ते पाळतो, कारण त्याचा स्क्रू वस्तूच्या बरोबर रेषेत असतो. कॅलिपर पाळत नाही.

तिसरी भानगड सगळ्यात मजेशीर आहे, ती म्हणजे भूमिती. मानेचा आतला पृष्ठभाग गोल, आणि आत घातलेली कड सपाट. सपाट कड गोलाच्या आत तळाला टेकतच नाही, तिचे दोन कोपरे टेकतात आणि मध्ये फट राहते. कढईत पट्टी आडवी ठेवून बघा, लगेच कळेल. ती फट आकड्यात मिळते आणि भिंत आहे त्यापेक्षा जाड वाटते.

किती जाड? सूत्र सोपं आहे. कडेच्या रुंदीचा वर्ग भागिले आठ वेळा त्रिज्या. ६ पीपीसीच्या मानेची आतली त्रिज्या साधारण ३.०९ मिमी. कड १ मिमी रुंद असेल तर फट येते ०.०४ मिमी, म्हणजे दीड थाऊच्या वर. भिंत ८.५ थाऊची आणि फट दीड थाऊची! शिवाय कडेचा कुठला भाग आत जातो ते दर वेळी बदलतं. दादाच्या तीन वेगळ्या आकड्यांचं रहस्य बहुतेक इथेच होतं.

१०:४० – बॉल मायक्रोमीटर

मग साधा मायक्रोमीटर वापरायचा का? तोही नाही. त्याचं स्थिर टोक, ज्याला अ‍ॅनव्हिल म्हणतात, ते सपाट आणि जवळपास साडेसहा मिमी व्यासाचं असतं. ६ पीपीसीच्या मानेत ते शिरणारच नाही.

उत्तर आहे बॉल मायक्रोमीटर. काही लोक त्याला ट्यूब मायक्रोमीटर म्हणतात. यात स्थिर टोकाला गोल छर्रा असतो. छर्र्याची त्रिज्या मानेच्या आतल्या त्रिज्येपेक्षा लहान असली की तो आतल्या भिंतीला बरोबर एकाच बिंदूत टेकतो. बाहेरून स्पिंडलचं सपाट टोक येतं. मानेची बाहेरची बाजू फुगीर असल्यामुळे तिथे सपाट टोक चालतं. फट नाही, कोपरे नाहीत.

यंत्र आतून तेच, स्क्रू गेज. मेट्रिकमध्ये स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिमी सरकतो आणि थिंबलवर ५० भाग असतात, म्हणून लीस्ट काउंट ०.०१ मिमी. इंचवाल्यात एका इंचात ४० आटे आणि थिंबलवर २५ भाग, म्हणून एक भाग म्हणजे एक थाऊ. त्यावर व्हर्नियर असेल तर थाऊचा दहावा भागही वाचता येतो. आपल्या कामाला तो दहावा भाग हवाच.

ही कल्पना किती जुनी माहितीये? १६३० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये विल्यम गॅसकॉइनने दुर्बिणीत स्क्रू बसवला, आकाशातली छोटी अंतरं मोजायला. हातात धरायचा मायक्रोमीटर १८४८ मध्ये फ्रान्समध्ये ज्यां लॉरां पामरने पेटंट केला. फ्रेंच लोक आजही त्याला "पामर" म्हणतात. ताऱ्यांपासून सुरू झालेलं यंत्र पितळेच्या मानेपर्यंत येऊन पोचलं.

१३:१५ – आता मोजायचं कसं?

दादाला पायऱ्या पाठवल्या त्या तशाच देतोय. प्रत्येकीमागे कारण आहे, म्हणून कारणासकट.

एक, साफसफाई. वापरलेल्या मानेत काजळी बसलेली असते, तोंडाशी पितळेची बारीक कुसळं असतात. काजळीचा थर मोजलात तर तुम्ही पितळ मोजलंच नाहीत. आधी ब्रश, मग तोंडाची आतबाहेरची कुसळं काढायची. मान चेपलेली असेल तर आधी ती आतून गोल करून घ्यायची.

दोन, झिरो. छर्रा आणि स्पिंडल पुसायचे, बंद करायचं, आकडा बघायचा. शून्य नसेल तर फरक लिहून ठेवायचा किंवा यंत्रावरच जुळवून घ्यायचा. अकरावीत आपण हे मार्कांसाठी केलं. इथे का करायचं, ते पुढे सांगतो.

तीन, एखादी माहितीची जाडी मोजून बघायची. शून्य बरोबर आलं म्हणजे पुढचं सगळं बरोबर आहे असं नाही. पातळ गेज ब्लॉक किंवा चांगल्या फीलर गेजची पट्टी मोजायची. आमच्या भाषेत, युनिट टेस्ट.

चार, रॅचेट. मागची छोटी मूठ फिरवायची, टिक-टिक-टिक, तीन वेळा, आणि थांबायचं. थिंबल धरून आवळायचं नाही. पितळ मऊ असतं, फ्रेमही किंचित ताणली जाते. दर वेळी जोर वेगळा लावलात तर आकडाही वेगळा येणार.

पाच, किमान आकडा. पुंगळी छर्र्यावर तिरकी धरली की आकडा वाढतो. म्हणून अगदी हलकेच पुढेमागे झुलवायची आणि सगळ्यात लहान वाचन घ्यायचं.

सहा, चार जागा. मानेच्या मध्यावर एक वाचन, मग पुंगळी पाव फेरा फिरवून दुसरं, असं चार वेळा. अगदी तोंडाशी नको, तिथे कड उतरती असते. जमलं तर खांद्याजवळही एक फेरी करायची.

सात, हाताची ऊब. पितळेच्या एवढ्याशा भिंतीचं प्रसरण धरण्यासारखं नसतं. पण मायक्रोमीटरची फ्रेम मुठीत धरून बसलात तर ती तापते. स्टीलचा २५ मिमीचा भाग १० अंशांनी तापला की जवळपास ३ मायक्रॉन वाढतो. आतला स्पिंडल तेवढा तापलेला नसतो, म्हणून शून्य हलतं. स्टँडमध्ये लावा, आणि दर दहा-पंधरा पुंगळ्यांनंतर झिरो पुन्हा बघा.

१७:५० – सरासरी फसवते

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? गोळी बसवलेल्या मानेचा बाहेरचा व्यास मोजा, त्यातून गोळीचा व्यास वजा करा, दोनने भागा. भिंत मिळाली!

मिळाली, पण सरासरी मिळाली. एका पुंगळीत चारही बाजूंना ८.५ आहे. दुसरीत ८, ८.५, ९, ८.५ आहे. बाहेरचा व्यास दोन्हींचा ०.२६०. सरासरीला दोघी जुळ्या बहिणी. पण दुसरीत गोळी मध्यापासून सरकलेली आहे आणि निशाणा नेमका तिथेच बिघडतो. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम मस्त असतो आणि तरी काही युजर्सचं ॲप अडकतं, तसंच आहे हे.

पण म्हणून ही दुसरी पद्धत टाकून द्यायची नाही, ती तपासणीला वापरायची. बॉल मायक्रोमीटरने भिंत मोजा, बेरीज करून बाहेरचा व्यास किती यायला हवा ते लिहा. मग दारू आणि प्रायमर नसलेलं एक नमुना काडतूस करून त्याचा व्यास साध्या मायक्रोमीटरने मोजा. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला तर विश्वास ठेवा. नाही आला तर थांबा, आणि का नाही आला ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

२०:२० – चुकीला दिशा असते

आता ते झिरोचं राहिलेलं उत्तर. माझ्या मते आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच.

आपण म्हणतो, "चूक एक थाऊची आहे." पण कुठल्या बाजूला? सपाट कडेमुळे होणारी चूक भिंत जाड दाखवते. मग माणूस ती गरजेपेक्षा जास्त तासतो. मान पातळ होते, सैल होते, पुंगळी वाया जाते. नुकसान आहे, पण रायफल फुटत नाही.

याउलट, बंद केल्यावर यंत्र शून्याच्या खाली वाचत असेल, किंवा तुम्ही जोराने आवळत असाल, तर भिंत आहे त्यापेक्षा पातळ दिसते. माणूस म्हणतो, "झालं, ८.५ आलं." खरी असते ९ किंवा ९.५. ही चूक मोकळी जागा खाते. आकडा तेवढाच चुकलेला, पण एका बाजूला खिशाला चाट आणि दुसऱ्या बाजूला जिवाशी खेळ. म्हणून झिरो एररमध्ये नुसता आकडा लिहायचा नाही, त्याचं चिन्हही लिहायचं. प्रॅक्टिकलच्या मॅडम अधिक-उणेसाठी मार्क कापायच्या, त्यांचं बरोबरच होतं.

आणि ही जाडी एकदा मोजून कायमची पक्की होत नाही. दर बाराबरोबर पितळ थोडं थोडं पुढे सरकतं आणि मान हळूहळू जाड होते, खांद्याच्या सांध्याजवळ आतून कडंही तयार होऊ शकतं. नवीन असताना ८.५ असलेली पुंगळी बऱ्याच वापरानंतर ८.५ राहीलच असं नाही. बॅरल बदललं, चेंबर बदललं, तर हिशेब पहिल्यापासून.

२२:४५ – आपल्याकडे काय?

हमखास येणारा प्रश्न: आपल्या कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे हे सगळं करतो का? नाही. त्याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात .२२ रिमफायर काडतूस असतं आणि ते पुन्हा भरायचं नसतंच. तिथले नेमबाज कारखान्यातून आलेल्या वेगवेगळ्या लॉटची चाचणी घेतात आणि आपल्या रायफलला मानवणारा लॉट निवडतात.

तुम्हाला यातलं काही करून बघायचं असेल तर काडतूस लागतच नाही. कॉलेजच्या लॅबमधलं स्क्रू गेज, इलेक्ट्रिशियनकडचा प्लास्टिकच्या कंड्युट पाइपचा तुकडा आणि सायकलच्या दुकानातला एक छर्रा एवढं पुरे. आधी छर्र्याचा व्यास मोजा. मग पाइपची भिंत दोनदा मोजा: एकदा थेट, एकदा पाइपच्या आत छर्रा ठेवून, आणि दुसऱ्या आकड्यातून छर्र्याचा व्यास वजा करा. थेट मोजलेला आकडा मोठा येईल. तो फरक म्हणजे कढईतल्या पट्टीखालची फट. दोन्ही आकडे आणि पाइपचा व्यास मला पाठवा, पुढच्या भागात सूत्राशी ताडून बघू.

तोपर्यंत, मोजण्याआधी झिरो बघा. भेटू पुढच्या एपिसोडला!